वन बीएचके, पाच प्राणी आणि आजीचा नाताळ

लोकलमध्ये उभे असाल तर आधी बॅग पुढे घ्या, मग ऐका. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा अख्खा एपिसोड इथे लिहून ठेवलाय. बोलल्यासारखाच आहे, तेव्हा व्याकरणाच्या चुका पोटात घाला.

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी सुचवलेला. घर लहान, घरात प्राणी, आणि त्यात सण. दिवाळीच्या एपिसोडनंतर खूप मेसेज आले की नाताळचंही सांग. तर आज सांगते, आणि यंदा मला स्वतःलाच ही तयारी नीट करायची आहे, कारण यंदा आमच्याकडे आजी येतेय.

आधी घराची ओळख. आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहतो. वन बीएचके. हॉल साधारण दहा बाय चौदा. माणसं तीन: आई, पप्पा, मी. प्राणी पाच. टायगर हा आमचा देशी कुत्रा, वय अकरा, कानाने अधू, आणि हृदय थोडं मोठं झालंय म्हणून दिवसातून दोनदा गोळी चालू आहे. बोंबील आणि सुकट या दोन मांजरी. आणि एक बजीची जोडी, जिला नाव नाही, कारण नावावरून घरात तीन वर्षं एकमत झालेलं नाही.

आमचं मूळ गाव उत्तन. आम्ही ईस्ट इंडियन. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, हे नाव इंग्रजी असलं तरी आम्ही इथलेच, साष्टी-वसई पट्ट्यातले, आणि घरातली बोली मराठीच. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्या लोकांनी बाहेरून आलेल्या इतर ख्रिस्ती समाजांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून हे नाव घेतलं. तर, दरवर्षी नाताळ आमचा उत्तनला. यंदा ऑगस्टमध्ये आजी घरातच पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती वॉकर घेऊन चालते. गावच्या घराला पायऱ्या आहेत, इथे लिफ्ट आहे. म्हणून ती २० डिसेंबरला आमच्याकडे येणार, थेट तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत.

हे ठरलं त्याच दिवशी मामाचा फोन आला. म्हणाला, "ते पंधरा दिवस कुत्र्याला कुठंतरी बोर्डिंगमध्ये ठेवा. आईच्या पायात आला आणि ती परत पडली तर?"

आता खरं सांगू? मामा चुकीचं बोलत नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं एकदा हाड मोडलं की दुसऱ्यांदा पडणं परवडत नाही. पण टायगरचंही वय झालंय. नव्या जागी, अनोळखी माणसांत, वेळेवर गोळी, कमी ऐकू येणारा कुत्रा, आणि वर ३१ डिसेंबरचे फटाके. धडधाकट, तरुण, लसीकरण पूर्ण असलेल्या कुत्र्याला चांगलं बोर्डिंग ठीक असतं, त्यात वाईट काही नाही. टायगरच्या बाबतीत मात्र आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं की शक्य असेल तर घरीच ठेवा.

दोन दिवस घरात यावर चर्चा. आई एका बाजूला, पप्पा दुसऱ्या बाजूला. मग माझ्या लक्षात आलं की आजीला कोणी विचारलंच नाहीये. मी फोन लावला. ती म्हणाली, "टायगरला हाकलून मला बोलावता? मग माझी गादी पण त्याच्याबरोबरच तिकडे टाका." मी हसले. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण मला भीती वाटते गो. दिवसा नाही. रात्री बाथरूमला जाताना."

या दोन वाक्यांत आमचा सगळा प्रश्न आहे. तिला टायगर हवाय आणि तिला भीतीही वाटते. दोन्ही खरं. तर आता आमची तयारी या दोन्ही गोष्टी धरून चालली आहे. एकेक सांगते.

पहिलं काम: जमीन मोकळी

आपण नाताळ म्हटलं की वर बघतो. तारा कुठे टांगायचा, माळा कुठून सोडायच्या. यंदा आम्ही खाली बघून सुरुवात केली. आजीच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत नऊ पावलं. या नऊ पावलांत काहीही नको. पायपुसणं नको, चपला नकोत, एक्स्टेंशनची वायर नको, कुत्र्याचा पाण्याचा वाडगा तर नकोच, कारण सांडलेलं पाणी लादीवर दिसत नाही. वॉकर फिरायला साधारण तीन फूट रुंद वाट लागते. आम्ही टेपने मोजली. शू रॅक बाहेर गेला, टीपॉय शेजारच्या काकूंकडे गेला.

झोपायची व्यवस्था अशी: आतल्या खोलीत आजी आणि आई. हॉलमध्ये मी, पप्पा, टायगर आणि मांजरी. हॉल आणि पॅसेजच्या मध्ये सुताराकडून अडीच फूट उंच प्लायची फळी करून घेतली, बिजागरी लावून. टायगरचं वय बघता तो ती ओलांडणार नाही. मांजरी ओलांडतील. म्हणून रात्री आतल्या खोलीचं दार बंद आणि मांजरींच्या गळ्यात घुंगरू. पट्टा मात्र असा घ्या जो कुठे अडकला तर आपोआप सुटतो, नाहीतर गळ्याला फास बसू शकतो. पॅसेजमध्ये माणूस आलं की पेटणारा छोटा दिवा लावलाय.

आता महत्त्वाचं. वॉकर ही टायगरसाठी एकदम नवी, खडखड करणारी वस्तू आहे. तो त्याला घाबरला किंवा भुंकला तर आजी दचकणार. म्हणून आम्ही आत्ताच, ती यायच्या आधी, ओळखीच्यांकडून एक जुना वॉकर आणलाय. पहिले दोन दिवस तो नुसता हॉलमध्ये उभा. टायगरने येऊन वास घेतला की उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. मग मी वॉकर हळूहळू ढकलते आणि टायगर आपल्या चटईवर बसून राहिला की परत एक तुकडा. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तोंडी हुकूम नाही, हाताची खूण. हात चटईकडे दाखवला की चटईवर जायचं. अकराव्या वर्षी शिकतोय, आणि रोज पाच-पाच मिनिटांत छान शिकतोय. म्हातारा कुत्रा शिकत नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना आमच्याकडे पाठवा.

थंडीचंही बघायचंय. आपल्याकडे थंडी ती काय, पण डिसेंबरात पहाटे लादी गार पडते आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात. त्याला स्वेटरपेक्षा खाली जाड अंथरूण जास्त कामाचं. आम्ही जुनी गोधडी दुमडून, खाली न सरकणारी रबरी चटई घातली आहे. बजीच्या पिंजऱ्याला रात्री तीन बाजूंनी कापड, एक बाजू उघडी. खिडकीसमोर पिंजरा नको, वाऱ्याचा थेट झोत त्यांना सोसत नाही.

गोठा, आणि त्यातले बैल-गाढव

आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा, मग बाकीचं. आजीचे जुने पुतळे आहेत, प्लास्टरचे. त्यातल्या एका मेंढीला तीनच पाय आहेत, ती गवतात टेकवून उभी करायची. हे पुतळे आजी स्वतः मांडते. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

गोठ्याची एक गोष्ट मला फार आवडते. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढवाचा उल्लेखच नाही. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, जिथे म्हटलंय की बैलाला आपला धनी कळतो आणि गाढवाला आपल्या धन्याची गव्हाण. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडली आणि शेजारी खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं. आज घरोघरी जो गोठा मांडतात, त्याची परंपरा तिथे जोडली जाते. म्हणजे या सणात प्राणी हे पहिल्यापासूनचे पाहुणे आहेत. मामाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "त्या बैलाला गोठ्यातच बांधलं होतं ना, आईच्या पायात सोडलं नव्हतं." मामाशी वाद घालणं सोपं नाही.

आता लहान घरात गोठा कुठे? जमिनीवर नको, टायगर आणि वॉकर. टीव्हीखाली नको, मांजरी. आम्ही भिंतीत ब्रॅकेट मारून छातीच्या उंचीवर एक फळी बसवली आहे. आजीला खुर्चीत बसून हात पोचला पाहिजे, म्हणून मांडायच्या दिवशी सगळं टेबलावर ट्रेमध्ये मांडायचं आणि मग अख्खा ट्रे फळीवर चढवायचा. पुतळ्यांच्या तळाला दुतर्फी टेप. मांजरीने धक्का दिला तरी योसेफ जागेवर राहील.

बर्फ म्हणून कापूस आम्ही बंद केलाय. मांजरी तो गिळतात आणि तो पोटात अडकतो. आणि तसंही, बेथलेहेमचा गोठा भाईंदरमध्ये मांडायचा तर एवढा बर्फ कशाला? त्याऐवजी पेंढा आणि हिरवं गवत. आपल्याकडे बरीच घरं नाताळच्या आधी ताटलीत गहू किंवा नाचणी पेरतात. तुम्हीही पेरा. १४-१५ तारखेला गहू रात्रभर भिजवून मातीत पसरा, रोज थोडं पाणी शिंपडा, २४ तारखेपर्यंत छान हिरवं होतं. आणि गंमत म्हणजे गव्हाचे कोंब मांजरींना चालतात, त्यांना ते आवडतातही. आम्ही दोन ताटल्या पेरतो. एक गोठ्यासाठी, एक बोंबील-सुकटसाठी. त्यांची स्वतःची ताटली जवळ असली की गोठ्यातलं गवत जरा वाचतं.

झाड, माळा, चमकी

झाडाचं आमचं साधं आहे. आपल्या किनाऱ्यावर पूर्वीपासून नाताळला सुरूची फांदी आणतात. झाड तोडायचं नाही, ते बेकायदेशीरही आहे. वाऱ्याने पडलेली फांदी मिळाली तर बघायची. ती आम्ही उभी करत नाही, भिंतीला सपाट टांगतो. दोन खिळे, आणि जाळी शिवायची नायलॉनची दोरी, जी उत्तनला कोणाच्याही घरात मिळते. जमिनीवर जागा जात नाही, मांजर चढत नाही, वॉकर अडत नाही.

सजावटीत एक गोष्ट पूर्ण बंद: चमकीच्या माळा आणि सॅटिनच्या रिबिनी. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. एकदा धागा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. आत गेल्यावर एक टोक अडकतं आणि आतडी त्या धाग्यावर चुण्यांसारखी गोळा होतात. मग ऑपरेशनशिवाय मार्ग नाही. तुमच्या मांजरीच्या तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका. तसंच डॉक्टरकडे न्या.

त्याऐवजी आम्ही काय लावतो? कागदी तारे, कापडाचे छोटे मासे, शिंपले. काचेचे गोळे नाहीत. मीठ घातलेल्या कणकेचे दागिने करण्याचे व्हिडिओ सध्या खूप फिरतायत, दिसतातही छान. घरात कुत्रा असेल तर ते करू नका. त्यात इतकं मीठ असतं की एखाद-दोन खाल्ले तरी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

दिव्यांच्या माळा वरूनच फिरवायच्या, वायर भिंतीला टेपने चिकटवायची, आणि घरात कोणी नसताना बटण बंद. रिमोटच्या मेणबत्त्यांमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात, त्यांचं झाकण स्क्रूचं आहे ना बघा. गिळला गेला तर तो सेल अन्ननलिका जाळतो. प्राण्यांची आणि लहान मुलांचीही. आगमनकाळाच्या चार खऱ्या मेणबत्त्या मात्र आम्ही लावतो, पण सगळे बसलेले असताना, प्रार्थना होईपर्यंत. मग फुंकर.

स्वयंपाकघर: इथे सगळ्यात जास्त लक्ष

आमच्या घरात २२ तारखेपासून फुगे, नेवऱ्या, कलकल, डेट रोल. २४ ला सोरपोतेल चढतं. वास सगळ्या मजल्यावर. आणि पाच जण स्वयंपाकघराच्या दारात रांगेत.

यादी ऐका, आणि शक्य असेल तर फ्रिजवर लिहून लावा.

मनुका आणि द्राक्षं: कुत्र्याच्या किडनीला घातक. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा सुरक्षित आकडा नाही. म्हणजे प्लम केक बंद. त्यात मनुका रममध्ये भिजलेल्या, म्हणजे दारूही आली.

चॉकलेट: त्यात थिओब्रोमाइन नावाचं द्रव्य असतं, ते कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. जितकं चॉकलेट काळं तितकं जास्त वाईट. अंदाज द्यायचा तर १५ किलोच्या कुत्र्याला साधारण ६० ग्रॅम डार्क चॉकलेटवर त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे एक मध्यम बार.

कांदा-लसूण: कुत्रा-मांजर दोघांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मांजरींना त्रास अजून लवकर. शिजवल्याने ते विष जात नाही. म्हणजे सोरपोतेल, विंदालू, बाटली मसाल्यातलं मटण, सगळं बाद. वरची चरबी दिली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजवलेलं हाड नकोच, त्याच्या टोकदार कपच्या होतात.

आणि एक गोष्ट जी फारशी कोणाला माहीत नसते: फुग्यांचं कच्चं पीठ. यीस्ट घालून उबदार कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं ना, ते. कुत्र्याने ते खाल्लं तर त्याचं पोट म्हणजे त्या पिठासाठी आणखी उबदार कोपरा. ते आत फुगतं, आणि आंबताना दारू तयार होते. पोट फुगणं आणि दारू चढणं, दोन्ही एकदम. आमच्याकडे पिठाचं पातेलं ओव्हनमध्ये, ओव्हन बंद, वर चिठ्ठी: "आत पीठ आहे."

आजीला शुगर आहे, म्हणून यंदा काही गोष्टी शुगर-फ्री करणार. इथे लेबल वाचा. झायलिटॉल लिहिलं असेल तर ते कुत्र्यासाठी अगदी थोडंसुद्धा धोकादायक. रक्तातली साखर झपकन खाली येते, लिव्हरही जाऊ शकतं. कधी नाव न लिहिता नुसता ९६७ हा आकडा छापलेला असतो. तोच तो.

बजींसाठी वेगळा नियम. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्यातून जो धूर निघतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी मिनिटांत दगावतात. त्यांची श्वसनसंस्था फार नाजूक. म्हणून आमच्याकडे तळणाला लोखंडी कढई, आणि तळण सुरू व्हायच्या आधी पिंजरा आतल्या खोलीत, दार बंद. सुगंधी मेणबत्ती, रूम फ्रेशनर, अगरबत्ती त्यांच्या जवळ नाही.

टायगरला काय मग? त्याचाही नाताळ आहे. बिनमिठाचं उकडलेलं बोनलेस चिकन, भात, लाल भोपळा. मांजरींना उकडलेला, काटे काढलेला मासा. हे त्यांचं ताट आमच्या जेवणाच्या आधी वाढायचं. पोट भरलेलं असलं की दारातली रांग बरीच कमी होते.

गोळ्या आणि फुलं

आजी येते म्हणजे तिच्या गोळ्यांचा डबाही येतो. हात थरथरतो, गोळी खाली पडते, घरंगळत कुठेतरी जाते. आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यासाठी वाईट. म्हणून आमचा नियम: गोळ्या टेबलावर, खाली काठ असलेली थाळी, आणि घेताना आई समोर. पडली तर मोजून शोधायची, "मिळेल नंतर" असं नाही.

फुलांचं. पाहुणे बुके आणतात, आणि हल्ली बुकेमध्ये लिली असतेच. मांजर घरात असेल तर लिली दारातूनच परत. पान, पाकळी, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजरीची किडनी निकामी होऊ शकते. पॉइन्सेटिया, म्हणजे लाल पानांचं नाताळचं झाड, हे मात्र उगाच बदनाम आहे. त्याने फार तर तोंड चुरचुरतं, उलटी होते. आम्ही सगळ्यांना आधीच मेसेज केलाय: फुलं आणायची तर गुलाब आणा. नाहीतर केळी आणा, आजीला आवडतात.

पाहुणे आणि सोसायटी

२५ तारखेला घरात किमान वीस माणसं येऊन जातील. दार सारखं उघडणार. टायगरच्या आणि मांजरींच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला आहे. येणाऱ्यांत कुत्र्याला घाबरणारी माणसं असतात, त्यांची भीती खरी असते. "काही करत नाही तो" हे वाक्य आम्ही बोलत नाही. टायगरला आत नेतो, माणूस बसलं की विचारतो, आणू का? नाही म्हणाले तर नाही.

रेबीजची लस सगळ्यांची अप-टू-डेट आहे ना, हे आत्ता बघा. आणि कोणाला ओरखडा किंवा चावा बसलाच, तर हळद-चुना नाही. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि मग डॉक्टर.

सोसायटीबद्दल दर वेळी प्रश्न येतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण त्याच सूचनांत मालकाने घाण उचलावी, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, असंही आहे. अर्धंच वाचून भांडायला जाऊ नका. आमच्या मजल्यावर आम्ही दरवर्षी २३ तारखेला कुस्वाराचं ताट घेऊन फिरतो आणि सांगतो की उद्या जरा ये-जा असेल, सांभाळून घ्या. याचा उपयोग कुठल्याही सर्क्युलरपेक्षा जास्त होतो.

२४ ची रात्र

मध्यरात्रीची मिस्सा आता बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री नसते. उघड्या मैदानात मिस्सा असली की रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही, म्हणून ती लवकर सुरू करतात. प्राण्यांच्या घरासाठी हे सोयीचंच. बाराच्या ठोक्याला आपण घरी असतो.

कारण बाराला फटाके. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांना ११:५५ ते १२:३० अशी वेळ घालून दिली. म्हणजे तयारी ११ च्या आधी पूर्ण हवी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० पर्यंत, मांजरीला त्याच्याही वर. टायगर अधू झाला तरी धमाका त्याला अंगात जाणवतो, आणि हृदयाचा पेशंट आहे तो.

आमचं असं ठरलंय: साडेदहाला शेवटचं फिरणं, दोन पट्ट्यांनी बांधून, कारण घाबरलेला कुत्रा पट्ट्यातून मान सोडवतो. मग खिडक्या बंद, पडदे, फुल स्पीड पंखा, टीव्हीवर गाणी. पॅसेजच्या कोपऱ्यात टेबलाखाली चादर सोडून त्याची गुहा. मी त्याच्या शेजारी बसणार. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो अजून घाबरतो असं लोक म्हणतात, ते खरं नाही. त्याला हवं असेल तर जवळ घ्या. औषध लागणार असेल तर डॉक्टरांकडून आधीच घ्या. आपली झोपेची गोळी अर्धी करून द्यायची, हे चुकूनही नाही.

मी आजीला हे सगळं फोनवर सांगत होते. तर म्हणाली, "मग मी पण तिथेच खुर्ची टाकते. मला पण फटाक्यांनी झोप कुठे लागते." म्हणजे २४ च्या रात्री पॅसेजमध्ये तिघं असणार. गव्हाणीत बाळ येशू ठेवायचं काम आजीचं असतं, बारा वाजता. ती म्हणाली, यंदा ट्रे खाली आणा, मी तिथूनच ठेवीन.

शेवटच्या दोन गोष्टी

एक, पिल्लू भेट देऊ नका. कोणालाही, कितीही गोंडस असलं तरी. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. ज्याच्याकडे ते राहणार त्याने स्वतः, घरच्यांना विचारून, सण नसलेल्या साध्या आठवड्यात ठरवावं. आणि पोपट तर नाहीच. आपला देशी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

दोन, बाहेरचे. भटक्या कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे जास्त करून थंडीतच जन्मतात. पार्किंगमध्ये, गाडीखाली, चाकाला चिकटून झोपतात. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा आणि खाली वाकून बघा. एखादं जुनं पोतं जिन्याखाली टाकलंत तर तेही पुष्कळ. पार्टीची उरलेली हाडं मात्र त्यांनाही घालू नका.

तर मंडळी, पटकन उजळणी. आत्ता: लसी, बिल्ले, वॉकरची सवय. १४-१५ ला गहू पेरा. २० च्या आधी जमीन मोकळी. २२ पासून तळणाच्या वेळी पक्षी आत. २४ ला साडेदहाला शेवटचं फिरणं. आणि तुमच्या भागात रात्री चालू असणाऱ्या एका तरी प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. सणाच्या दिवशी शोधत बसू नका.

आमचं सगळं ठरल्यासारखं होईलच असं नाही. मामा २१ तारखेला स्वतः येऊन ती प्लायची फळी तपासणार आहे, असं त्याने जाहीर केलंय. पास झालो तर इन्स्टावर फोटो टाकते. नापास झालो तर सुताराला परत बोलावते.

तुमच्या घरात आजी-आजोबा आणि प्राणी एकत्र राहत असतील तर तुम्ही काय करता ते कमेंटमध्ये किंवा व्हॉइस नोटवर नक्की सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. नाताळच्या आगाऊ शुभेच्छा. काळजी घ्या, आणि तो केक उंच ठेवा. बाय!